चार नंबरची टाकी

"तीन मीटर बारा," घाटपांडे म्हणाले आणि डिप रॉडवरच्या ओल्या रेघेशी बोट धरून मला दाखवलं. "बघा हो सुर्वे मॅडम, माझा चष्मा खालीच राहिलाय."

मी वाकून पाहिलं. तीन मीटर बारा सेंटिमीटर होतं.

"बरोबर आहे."

मार्च महिना, सकाळचे दहा. आम्ही दोघं चार नंबरच्या टाकीच्या माथ्यावर उभे होतो. कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. खाली आमचे अकाउंट्सचे नेवरेकर फाइल डोक्यावर धरून वर बघत होते. घाटपांडे पुण्याहून आले होते, आमच्या कंपनीचा साठा मोजायला, बँकेच्या वतीने. साठीचे, गुडघे दुखणारे, बोलघेवडे.

"तीस वर्षं लोकांच्या टाक्यांवर चढतोय," ते म्हणाले. "आमच्या सोसायटीच्या टाकीवर एकदा चढा म्हणून बायको सांगून दमली. आता तुमचं काम. नमुना काढा."

मी बाटलीला दोरी बांधली आणि टाकीच्या तोंडातून आत सोडली. द्रवाला लागल्यावर आणखी वीतभर जाऊ दिली आणि बूच ओढलं. बुडबुडे थांबले तशी बाटली वर घेतली. स्वच्छ, पाण्यासारखा दिसणारा द्रव. थिनरचा वास सुटला.

"टोल्युइन," मी म्हणाले.

"वास ओळखीचा झालाय आता. तळातला नाही घ्यावा लागत?"

दोरी माझ्या हातातच होती. मी तिची गुंडाळी करायला लागले.

"एकच द्रव असेल तर वरून घ्या नाहीतर खालून, सारखाच."

"ते तुम्ही जाणोत. मी बी.कॉम.चा माणूस," म्हणत ते शिडीकडे वळले.

माझं वाक्य खरं होतं. टाकीत मात्र एकच द्रव नव्हता. वर हातभर टोल्युइन होतं आणि त्याच्याखाली पावणेतीन मीटर एमआयडीसीच्या नळाचं पाणी.

त्याच्या दहा दिवस आधी कँटीनमध्ये नेवरेकर माझ्यासमोर येऊन बसले होते. हा माणूस एरवी जेवताना बोलत नसे. भाताचा गोळा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "मॅडम, टोल्युइन पाण्यात मिसळतं का हो?"

"नाही. तरंगतं."

"पूर्ण? म्हणजे खाली पाणी, वर टोल्युइन, असं कितीही दिवस राहील?"

"महिनोन् महिने. पाण्याचा अगदी एवढासा अंश वर विरघळेल, हजारात अर्धा भाग."

"तेवढा चालतो आपल्याला?"

"चालतो. काठावर बसतो पण चालतो."

मी कँटीनच्या कुपनामागे दोन थर काढून दाखवले. घनता लिहिली. मला समजावून सांगायला आवडतं, आणि त्या कंपनीत चौदा वर्षांत अकाउंट्सच्या कुणी मला रसायनशास्त्राचा प्रश्न विचारला नव्हता. नेवरेकरांनी ते कुपन घडी करून खिशात ठेवलं. मला बरं वाटलं होतं.

मोजणीच्या दिवशी सकाळी साडेआठला ते आणि रेडीज साहेब लॅबमध्ये आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. रेडीज साहेब आमचे मालक. वडिलांचं चिपळूणमधलं रंगाचं दुकान विकून त्यांनी लोट्याला हा कारखाना काढला होता. त्या सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकली होती.

सांगितलं नेवरेकरांनी. बँक आम्हाला साठ्यावर कर्ज देत होती. साठा जेवढा, त्या मानाने कर्ज. एका मोठ्या गिऱ्हाइकाने वर्षभराचा माल परत पाठवला, त्यात पैसा अडकला आणि साठा उतरत गेला. गेले सात महिने बँकेला पाठवायच्या कागदावर चार नंबरची टाकी भरलेली दाखवली जात होती. प्रत्यक्षात तिच्यात तळाशी हातभर माल होता. आता बँकेने माणूस पाठवला होता.

"म्हणून रविवारी आम्ही दोघांनी पाणी सोडलं," नेवरेकर म्हणाले. "प्लांटमध्ये सांगितलंय की सुट्टीच्या दिवशी टँकर येऊन गेले."

प्लांटमधली माणसं खूश होती ते मी सोमवारी पाहिलं होतं. तीन महिन्यांचे पगार थकले होते. माल आला म्हणजे पगारही येणार, असा त्यांचा हिशेब होता.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"खोटं नाही हो, आधी लिहिलेलं आहे," नेवरेकर म्हणाले. "जूनमध्ये नवी ऑर्डर सुरू होतेय. पैसे आले की पहिली तीच टाकी भरायची. जूनमध्ये जे खरं होणार ते आपण मार्चमध्ये लिहिलंय, एवढंच."

"आणि नाही झालं तर?"

"बँकेत चार जणांना विचारा, त्यांनासुद्धा हेच पाहिजे. कर्ज बुडालं असं दाखवायची हौस कोणाला आहे? त्यांना फक्त कागद पाहिजे."

रेडीज साहेब इतका वेळ माझ्या टेबलावरचा तराजू बघत होते. "सुर्वे मॅडम, मी तुम्हाला सांगत नाहीये. विचारतोय. टाकी साठ्यात धरली नाही तर कर्जाचं लिमिट तुटतं. लिमिट तुटलं की सोमवारी कुलूप. एकशे अठरा माणसं आहेत. माझं घर गहाण आहे ते सोडा, माझं मी बघेन."

"मी काय करायचं?"

"नमुना वरून घ्या. जो आकडा येईल तो लिहा. आकडा खोटा लिहू नका."

माझ्या नवऱ्याचा कारखाना चौदा महिन्यांपूर्वी बंद पडला होता. तो घरी असायचा. सकाळी पेपर वाचायचा, दुपारी तोच पेपर परत वाचायचा, आणि मी संध्याकाळी घरात शिरले की उठून उभा राहायचा, पाहुणा आल्यासारखा. कुलूप म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"त्या टाकीला कोणी हात लावणार नाही ना?" मी विचारलं.

"ऑडिट होईपर्यंत चार नंबरला हात लावू नका, असं सगळ्यांना सांगितलंय," रेडीज साहेब म्हणाले. "उद्या पाणी काढून टाकतो."

मी मान हलवली. हो म्हणाले नाही. मान हलवली.

नमुना घेऊन मी लॅबमध्ये आले आणि पाण्याचं प्रमाण तपासलं. मर्यादा होती शून्य पॉइंट शून्य पाच टक्के. आलं शून्य पॉइंट शून्य चार. मी तेवढंच लिहिलं: टाकी क्रमांक चार, टोल्युइन, पास. खाली सही केली. तीन प्रती. एक लॅबची, एक टाकीजवळच्या पाकिटात लावायची, एक घाटपांड्यांची. टाकीची प्रत हेल्परकडे दिली आणि घाटपांड्यांची घेऊन मी स्वतः रेडीज साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

तिथे चहा आणि खारी आली होती. नेवरेकर हसत होते. सकाळपासून पहिल्यांदाच.

"बसा मॅडम," घाटपांडे म्हणाले. "गुडघ्यांना दहा मिनिटं देतो, मग दोन नंबरवर चढू. दोन नंबर आत्ताच बंद करायला सांगितलीय मी. मोजायच्या टाकीतून माल जाता कामा नये, नाहीतर मी वर पोचेपर्यंत आकडा खाली."

"बरोबर," नेवरेकर म्हणाले. "नियम तो नियम."

मी प्रमाणपत्र पुढे केलं. घाटपांड्यांनी ते नीट वाचलं, तारीख पाहिली आणि फाइलला लावलं. रेडीज साहेबांनी डोळे मिटून चहाचा घोट घेतला. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. मलाही मोकळं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी खारी उचलली.

टेबलावरचा इंटरकॉम वाजला. रेडीज साहेबांनी घेतला आणि माझ्याकडे दिला. "प्लांटमधून आहे. तुम्हाला शोधतायत."

शिगवण होते. धोंडू शिगवण, दोन नंबरच्या रिअॅक्टरचे ऑपरेटर. जवळजवळ एकोणीस वर्षं त्याच एका रिअॅक्टरवर. कामात इतके चोख की त्यांच्या बॅचचा नमुना मी कधी दुसऱ्यांदा तपासला नव्हता.

"मॅडम, लॅबमध्ये फोन केला तर तुम्ही इकडं. दोन नंबरची टाकी बंद केलान पाव्हण्यांनी. माझी बॅच तयार झालीय, पातळ करायला पाचशे लिटर टोल्युइन पायजे. तर चारवरनं घेतो हां."

"चारला हात लावायचा नाही असं सांगितलंय ना?"

मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. तरी नेवरेकरांचा कप बशीवर वाजला.

"ऑडिट होईपर्यंत नाय लावायचा. चारचं तर झालं. मोजली, तुम्ही पासपण केलीत. कागद लागलाय पाकिटात, बगितला मी. तुमची सही हाय. म्हणून लाइन जोडली. नुसतं कळवायला फोन केला."

त्या रिअॅक्टरमध्ये काय होतं ते सांगायला हवं. थायोनिल क्लोराइड नावाचं एक द्रव्य आम्ही वापरायचो. टोल्युइनशी त्याचं भांडण नाही. पाणी लागलं की मात्र ते क्षणात उकळून उठतं, आणि त्यातून श्वास कोंडणारे दोन वायू बाहेर पडतात. बंद भांड्यात पाचशे लिटर पाणी गेलं तर झाकण जागेवर राहत नाही. आणि पंप टाकीच्या तळातून ओढतो. टोल्युइनचा एक थेंब येण्याआधी सगळं पाणीच येणार होतं.

"शिगवण, पंप चालू करू नका."

"केला की मघाशी. लाइन भरतेय."

"बंद करा."

"बंद?" मागे मोटरचा आवाज येत होता. "मॅडम, बॅच पंचावन्न डिग्रीला हाय. आत्ता पातळ नाय केली तर दगड होईल. सव्वादोन टन माल."

"होऊ दे. बंद करा."

"रेडीज साहेबांना द्या फोन. दगड झाला तर उद्या मलाच ईचारतील."

घाटपांडे चहा पिता पिता माझ्याकडे बघत होते. कुतूहलाने, बाकी काही नाही. नेवरेकर मान अगदी बारीक, डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे हलवत होते. रेडीज साहेबांनी हात पुढे केला. मी रिसीव्हर दिला नाही. टाकीपासून रिअॅक्टरपर्यंत ऐंशी मीटर पाइप होता. तो भरायला किती मिनिटं लागतात हे मला माहीत होतं, आणि त्यातली किती गेली हे माहीत नव्हतं.

नंतरच्या वर्षांत मला त्या वेळी म्हणता आली असती अशी अकरा वाक्यं सापडली. नमुना चुकला, परत तपासतेय. टाकीत गंज आहे. पंपाच्या मोटरला आग लागलीय. एकेक वाक्य शहाणं, कोणाचंही नुकसान न करणारं. त्या वेळी एकच सापडलं.

"त्यात पाणी आहे, शिगवण! चारमध्ये पाणी आहे, सगळं पाणी आहे!"

पलीकडे रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला.

इकडे पहिले उठले ते रेडीज साहेब. घाटपांड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची मागे पडली, आणि तो पंचावन्न वर्षांचा जाड माणूस धावत केबिनबाहेर गेला. मी त्यांच्यामागे. अंगण ओलांडताना त्यांचा एक बूट निघाला, तो तिथेच राहिला. ते ओरडत होते, "खाली उतरा! सगळे खाली उतरा!"

शिगवणांनी पंप बंद केला होता. रिअॅक्टरच्या अलीकडे चार फुटांवर पाइपला निचऱ्याचा व्हॉल्व्ह होता, तो त्यांनी उघडला. त्यातून पाणी आलं. स्वच्छ, वास नसलेलं, नळाचं पाणी. त्यांच्या बुटांवरून वाहत ते गटाराकडे गेलं. शिगवण त्या पाण्याकडे बघत होते, मग पाइपकडे, मग चार फुटांवरच्या रिअॅक्टरकडे. 

मी मागे वळले तेव्हा घाटपांडे लंगडत अंगण ओलांडत होते. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात रेडीज साहेबांचा बूट.

"पुन्हा वर चढू या का, मॅडम?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्याकडे पाणी दाखवणारी पेस्ट असते. रॉडला लावायची. पाणी लागलं की लाल होते. मघाशी लावायला हवी होती, पण तुम्ही सोबत होतात म्हटल्यावर..."

पेस्ट तळापासून दोन मीटर सत्तरपर्यंत लाल झाली. खाली आल्यावर त्यांनी माझं प्रमाणपत्र फाइलमधून काढून परत वाचलं.

"यात खोटं असं काही लिहिलेलंच नाही तुम्ही," ते म्हणाले, आणि कागद फाइलमध्ये न लावता त्यांनी वेगळा, बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

शिगवणांची बॅच खरंच दगड झाली. ती छिन्नीने फोडून काढायला आठ दिवस लागले. त्या कारखान्यात झालेलं ते शेवटचं काम. बँकेने खातं गोठवलं, जूनची ऑर्डर दुसरीकडे गेली आणि जुलैअखेर दाराला नोटीस लागली. नेवरेकर आणि रेडीज साहेबांवर खटला झाला. मला साक्षीला बोलावलं. मी कुपनासकट सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी कुपनाचा भाग लिहून घेतला नाही.

लोट्याहून खेडपर्यंत सगळीकडे एकच वाक्य होतं: बाईच्या जिभेने कंपनी खाल्ली. नेवरेकरांची बायको मला बाजारात दिसली की दुसऱ्या रांगेत जायची. पॅकिंगमधल्या एका मुलीने बसमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "एक दिवस तोंड दाबून नाय बसता आलं तुमाला?" मी तिला थायोनिल क्लोराइडबद्दल सांगायला लागले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. झालं नाही त्याचा पुरावा काय दाखवणार? पगार बंद झाला तो सगळ्यांच्या घरात दिसत होता.

घरी आता दोघं होतो. पेपर दोघांत वाटून वाचायचो. मी बारावीच्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या.

दोन वर्षांनी एका दुपारी शिगवण आले. केस पांढरे झाले होते, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मी दारातच म्हणून टाकलं, कारण ते वाक्य मी दोन वर्षं तयार ठेवलं होतं, "शिगवण, मला माहीत आहे कंपनी माझ्यामुळे गेली."

"बसू का?" ते म्हणाले.

ते बसले, पाणी प्यायले. महाडकडे एका प्लांटमध्ये ऑपरेटरची जागा होती. अनुभवाचा दाखला लागत होता. कंपनीत सही करायला कोणी उरलं नव्हतं. लॅबची प्रमुख म्हणून माझी सही चालेल, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं.

"द्या की," मी म्हणाले. हात लगेच पुढे केला. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

त्यांनी कागद पिशवीतून काढला, पण दिला नाही.

"कंपनी गेली त्याचं तुमच्यावर काय नाय," ते म्हणाले. "ती जायचीच होती. लोक बोलतात, मी नाय बोललो कधी. त्या दिवशी मजल्यावर सात जणं होतो आम्ही. मला म्हाईत हाय काय झालं असतं ते."

मी त्यांचा रिकामा पेला उचलला.

"पण मॅडम, मला ती टाकी भरली याच्यावर इश्वास नव्हता. रविवारी टँकर आले तर गेटवर पाणी मारायला लागतं, चाकं धुवायला. गेटजवळची माती सुकी होती. सोमवारीच बगितलं होतं मी. दुसऱ्या कुणाची सही असती ना, तर तळातली बाटली काढून वास घेतला असता. दोन मिन्टांचं काम. तुमची हाय म्हटल्यावर व्हॉल्व्ह फिरवला."

पंखा फिरत होता. आत नवऱ्याने पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. दोन वर्षांत मला लोकांनी जे जे म्हटलं होतं त्याला माझ्याकडे उत्तर होतं. पण माझ्या सहीवर कोणी व्हॉल्व्ह फिरवेल, हे मला त्या सकाळी सही करताना कळायला हवं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला.

"वाचून करा."

मी उचललेलं पेन खाली ठेवलं आणि वाचायला लागले. नाव, पत्ता, हुद्दा, रिअॅक्टर, किती बॅचेस. एकदा वाचून झाल्यावर पहिल्यापासून परत वाचलं.

"लागल्याची तारीख जून लिहिलीय," मी म्हणाले. "ऑगस्ट हवी. तुमचं जुनं सेवापुस्तक साक्षीच्या वेळी माझ्या हातात आलं होतं. दहा ऑगस्ट."

"टायपिंगवाल्यानं एकोणीस वर्षं पुरी व्हावीत म्हणून केलं आसंल." त्यांनी पिशवीची घडी घातली. "जाहिरातीत एकोणीस नाय मागितलेत. पंधरा मागितलेत. पण पुरी दिसली तर बरं, म्हणला तो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. नोकरीची त्यांना किती गरज होती ते त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरवरून दिसत होतं.

"खोडा," ते म्हणाले.

मी जून खोडलं, वर ऑगस्ट लिहिलं. खोडलेल्या जागेशेजारी एक सही केली आणि खाली दुसरी. त्यांनी कागद उचलून दोन्ही सह्या पाहिल्या. शाई ओली होती. ती वाळेपर्यंत ते कागद हातात उघडाच धरून बसले.